मेटल डिटेक्टरचा आवाज ओळखायला शिकताना: गोव्याच्या कोरड्या वाळूपासून जांभ्या मातीपर्यंत

मेटल डिटेक्टरच्या पडद्यावर उमटणारा आकडा धातूचं नाव सांगत नाही. नवशिक्याची पहिली गफलत इथेच होते. बावीस कॅरेटची बारीक अंगठी, बीअरच्या कॅनची तुटलेली चावी आणि सिगारेटच्या पाकिटातला घडी पडलेला चंदेरी कागद, हे तिन्ही एकाच आकड्यावर येऊ शकतात. उलट एक रुपयाचं एकच नाणं, पाच वेळा कॉइल (यंत्राच्या दांड्याच्या टोकाची गोल चकती) फिरवली तर पाच वेगळे आकडे दाखवू शकतं. म्हणून आकडा, आवाज आणि हाताची हालचाल यांचा मेळ घालूनच सिग्नल वाचावा लागतो. इंटरनेटवरचे तयार तक्ते त्यात फारसे कामाला येत नाहीत, कारण ते बहुतेक अमेरिकी आणि युरोपीय नाण्यांवर बेतलेले असतात. आपली नाणी वेगळी, बाटल्यांची बुचं वेगळी आणि माती तर अगदीच वेगळी. आपला तक्ता आपणच तयार करायचा आहे.

इथलं विवेचन नेहमीच्या व्हीएलएफ, म्हणजे कमी फ्रीक्वेन्सीचं क्षेत्र सतत सोडणाऱ्या यंत्रांना लागू आहे. थांबून थांबून झटके सोडणाऱ्या पल्स इंडक्शन यंत्रांवर बहुधा आकडाच नसतो, त्यांचं वाचन निराळं.

यंत्र नेमकं काय मोजतं

कॉइलमधून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. वाटेत धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे वीजप्रवाह उठतात आणि ते स्वतःचं छोटं क्षेत्र परत पाठवतात. हे उत्तर किंचित उशिरा येतं. उशीर किती, हे धातूची वाहकता, जाडी आणि आकार या तिघांवर ठरतं. पडद्यावरचा आकडा म्हणजे या उशिराचं माप. पातळ आणि कमी वाहक वस्तूला छोटा आकडा, जाड आणि चांगल्या वाहक वस्तूला मोठा. चांदी व तांबं वर येतात, चंदेरी कागद खाली. सोनं उत्तम वाहक असूनही दागिने बारीक आणि मिश्रधातूचे असल्यामुळे खालच्या ते मधल्या पट्ट्यात सापडतं. लोखंड वीजही वाहतं आणि चुंबकालाही ओढलं जातं, त्यामुळे त्याचं उत्तर दुसऱ्याच बाजूला झुकतं. त्याला बहुतेक यंत्रं जाड, खालचा सूर आणि सर्वात खालचे आकडे देतात.

मोजपट्टी कंपनीगणिक बदलते. गॅरेटच्या एस (ACE) ३०० आणि ४०० यंत्रांत ० ते ९९, मिनलॅब व्हॅनक्विशमध्ये उणे ९ ते ४०. दुसऱ्याच्या यंत्रावरचा आकडा स्वतःच्या यंत्राला लावू नका.

आवाजाचा जोर मात्र मुख्यतः अंतर सांगतो. छोट्या वस्तूचा सिग्नल अंतराच्या सहाव्या घाताने विरतो, म्हणजे अंतर दुप्पट झालं की तो सुमारे ६४ पट क्षीण होतो. कॉइल जमिनीपासून ५ सेंटिमीटर उगाच उंच धरण्याची किंमत केवढी, ते यावरून लक्षात यावं. पडद्यावरचा खोलीचा अंदाज नाण्याएवढ्या वस्तूसाठी बसवलेला असतो. खोल पुरलेला कॅन त्याला उथळ नाणं वाटतो.

पहिली पायरी: घरच्या वस्तूंची वही

ही चाचणी गच्चीवर किंवा फरशीवर करू नका, स्लॅबमधल्या सळया सगळा निकाल बिघडवतात. अंगणात किंवा माडाखाली प्लास्टिकच्या स्टुलावर यंत्र आडवं ठेवा, कॉइल उभी आणि मोकळी राहील अशी. आसपास मीटरभर धातू नको. हातातली अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा आणि मोबाईल लांब ठेवा. डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळणारी सेटिंग) शून्यावर, सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता) मध्यावर.

आता एकेक वस्तू कॉइलपासून १० सेंटिमीटरवरून आडवी फिरवा. प्रत्येकी दहा फेऱ्या: पाच फेऱ्या वस्तू सपाट धरून आणि पाच उभी धरून. वहीत चार गोष्टी लिहा: सर्वात लहान आकडा, सर्वात मोठा आकडा, सूर कसा होता, आणि कितव्या सेंटिमीटरला आवाज बंद झाला. सरासरी काढू नका. किती पसरतो, हीच खरी माहिती आहे. तांब्याचं नाणं दोन-तीन अंकांच्या फरकात राहील, गंजका वॉशर वीस अंकांच्या फरकात नाचेल.

नाण्यांपासून सुरुवात करा. १९९२ पासून निघालेलं एक रुपयाचं नाणं फेरिटिक स्टेनलेस स्टीलचं आहे. त्याला चुंबक चिकटतं, म्हणून अनेक यंत्रांवर ते लोखंडात जातं किंवा खाली-वर उड्या मारतं. लोखंड पूर्ण बंद करून फिरणाऱ्याला आपल्याच चलनातली नाणी ऐकू येत नाहीत ती यामुळे. तांबे-निकेलची जुनी रुपया व आठ आण्याची नाणी मधल्या-खालच्या पट्ट्यात येतात, म्हणजे सोन्याच्या अंगठ्यांच्या शेजारी. जुने ॲल्युमिनियमचे पैसे हलके असूनही त्यांच्या आकाराच्या मानाने वर वाजतात. पाच रुपयांची पिवळी नाणी आणि दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणंही तपासा. सापडतील तेवढ्या सालांची घ्या, कारण एकाच किमतीच्या नाण्यांचा धातू मधल्या काळात बदललेला आहे.

मग दागिने. इथे वेळ घालवा, कारण किनाऱ्यावर लोक शोधायला सांगतात ते याच वस्तू. बंद अंगठीत प्रवाह पूर्ण वर्तुळात फिरतो, म्हणून ती वजनाच्या मानाने दणदणीत वाजते. तीच अंगठी एका जागी तुटलेली असेल तर आकडाही घसरतो आणि खोलीही. पायातली जोडवी बहुधा टोकं सुटी असलेली असतात, त्यामुळे चांदीची असूनही ती चांदीच्या नाण्याइतकी वर जात नाहीत. बारीक साखळी ही सर्वात फसवी वस्तू. यंत्राला सबंध साखळी दिसत नाही, प्रत्येक कडी वेगळी दिसते, आणि कडी इतकी बारीक की फक्त अडकवायचा फासा किंवा पदक वाजतं. मंगळसूत्र म्हणजे यंत्रापुढे दोन छोट्या वाट्या, काळे मणी त्याला दिसतच नाहीत. नथीचीही तीच गत. या वस्तू कमी आकड्यावर, चंदेरी कागदाच्या पट्ट्यात, आणि अवघ्या काही सेंटिमीटरपर्यंतच ऐकू येतात. ज्याला हरवलेली साखळी शोधायची आहे त्याने तो पट्टा कधीही बंद करू नये.

शेवटी कचरा, तोही तितक्याच निगुतीने: बीअरचं पत्र्याचं बूच (सरळ आणि दुमडलेलं), दारूच्या बाटलीचं ॲल्युमिनियमचं फिरकीचं बूच, कॅनची चावी, कॅनचा चेपलेला तुकडा, दोन इंची खिळा, गंजका खिळा, वॉशर, जाळ्याचं शिसं, गळ. फिरकीचं बूच उंच आणि गोड वाजतं, अगदी चांदीसारखं. रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या) जाळ्याचं शिसं मध्यावर, स्थिर, सगळ्या दिशांनी सारखं. ही दोन्ही यंत्राला "चांगलीच" वाटतात आणि ती खणूनच काढावी लागतात.

दुसरी पायरी: पुरलेल्या वस्तू

हवेतला निकाल जमिनीत तसाच राहत नाही. अंगणाच्या कोपऱ्यात आधी यंत्र फिरवून जागा स्वच्छ करून घ्या. मग अर्ध्या मीटरच्या अंतराने तीच नाणी ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर पुरा आणि प्रत्येक जागी बांबूची खूण लावा. एक नाणं उभं पुरा. एका नाण्यापासून ७-८ सेंटिमीटरवर खिळा पुरा. ओळीत एक दुमडलेलं बूचही असू द्या. अंगणात लाल माती असेल तर १५ सेंटिमीटरवरचं नाणं कदाचित ऐकूच येणार नाही, किंवा लोखंडाच्या सुरात येईल. यंत्र बिघडलेलं नाही. मातीतल्या लोहाचं उत्तर नाण्याच्या उत्तरात मिसळतं, आणि नाणं जितकं खोल तितकं मातीचं पारडं जड होतं.

तीन जमिनी, तीन तऱ्हा

गोव्यात अर्ध्या तासाच्या अंतरात यंत्राला तीन वेगळ्या जमिनी भेटतात, आणि सिग्नल चुकीचा वाचला जाण्याचं निम्मं कारण तिथेच असतं.

भरतीच्या रेषेवरची कोरडी पांढरी वाळू सर्वात सोपी. कळंगुट असो वा कोलवा, शिकायला सुरुवात इथेच करावी. अडचण फक्त शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळींच्या जागांची. पावसाळ्याआधी शॅक उतरवले की खिळे, स्क्रू, तारेचे तुकडे वाळूत राहून जातात.

ओल्या वाळूतलं खारं पाणी वीज वाहतं. यंत्राला तो एक कमी वाहकतेचा, अफाट पसरलेला धातूच वाटतो, आणि त्याचा आकडा नेमका बारीक सोन्याच्या पट्ट्यात पडतो. एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारं यंत्र इथे सतत किलबिलतं. बीच मोड असेल तर लावा, नसेल तर सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणा. किलबिल थांबवण्यासाठी मीठ "गाळून" टाकलं की त्याबरोबर बारीक साखळ्याही गाळल्या जातात. एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारी यंत्रं ओल्या वाळूत पुष्कळ शांत राहतात. किनाऱ्यावरच काम करायचं असेल तर जास्तीचे पैसे त्यासाठी घालावेत, मोठ्या कॉइलसाठी नव्हे. पाण्याच्या रेषेला समांतर चाला. कोरड्यातून ओल्यात, ओल्यातून लाटेत अशी आडवी कॉइल नेली की जमीन प्रत्येक फेरीत बदलते आणि यंत्र खोटं बोलतं. उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या) ओहोटीला खालची वाळू सर्वात जास्त उघडी पडते, भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या) दिवसांत तेवढी नाही. ओहोळांच्या मुखाशी काळ्या वाळूचे पट्टे दिसले तर पिशवीत गुंडाळलेलं चुंबक त्यावरून फिरवा. कण भराभर चिकटले तर तिथे खोली कमी मिळणार, हे धरून चाला.

तिसरी जमीन जांभ्याची. सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर), चिऱ्यांच्या खाणींजवळ, आणि डिचोली, सांगे, सावर्डे भागात, जिथे लोहखनिजाचे खडे रस्त्याकडेला पडलेले असतात. इथे दगडच वाजतो. त्याचा आवाज पसरट असतो, कडा नसलेला. कॉइल ४-५ सेंटिमीटर उचलली की तो झटकन मरतो आणि आकडा स्थिर राहत नाही. तेवढ्याच उथळ नाण्याचा आवाज उचलल्यावर बारीक होतो, पण तोच आकडा धरून राहतो. नवशिक्याने जांभ्यात पहिला महिना जाऊच नये.

ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्राला जमिनीचा स्वतःचा आवाज दुर्लक्षायला लावणं, प्रत्येक जमिनीवर नव्याने करायचा. आधी सगळे धातू ऐकू येतील असा मोड लावून मीटरभर जागा निःशब्द आहे ना ते पाहा. मग बटण दाबून कॉइल २० सेंटिमीटरवरून ३ सेंटिमीटरपर्यंत खाली-वर करा, जमिनीला समांतर, आवाज सपाट होईपर्यंत. खाली नेताना किंवा वर आणताना "व्हूं" उरला तर पुन्हा करा. खाली नकळत खिळा असेल तर यंत्र त्या खिळ्यालाच जमीन समजतं, आणि मग दिवसभराचे आकडे सरकलेले येतात.

किलबिल जमिनीची की विजेची, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. कॉइल कमरेच्या उंचीवर हवेत स्थिर धरा. तरीही आवाज चालू राहिला तर वीज: खिशातला मोबाईल, शॅकच्या तारा, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर. फ्रीक्वेन्सीचा चॅनेल बदला किंवा जागा बदला. स्थिर धरल्यावर शांत आणि फिरवल्यावरच बडबड असेल तर जमीन. बॅलन्स पुन्हा करा. सेन्सिटिव्हिटी बडबड सुरू होईपर्यंत वाढवा आणि तिथून दोन पायऱ्या खाली आणा. ती कमाल ठेवल्याने खोली वाढत नाही, फक्त खरा सिग्नल खोट्यांत बुडतो.

कॉइल फिरवणं

जमिनीपासून २-३ सेंटिमीटर, पूर्ण फेरीत समांतर. दोन्ही टोकांना हात झोक्यासारखा वर जातो, तो आवरा. मीटरभराची फेरी दीड-दोन सेकंदांत, आणि पुढची फेरी आधीच्या निम्म्या कॉइलवर चढलेली. घाई केली की खिळ्याशेजारचं नाणं सुटतं, कारण खिळ्यावरून सावरायला यंत्राला क्षणभर लागतो.

सिग्नल आला. आता काय?

इथे थांबा, लगेच खणू नका. पहिले काही आठवडे प्रत्येक सिग्नलवर पुढच्या चाचण्या याच क्रमाने करा.

दोन्ही दिशा. डावीकडून उजवीकडे आणि उलट, दोन्हीकडून आवाज येतो का? एका बाजूनेच येणारा, तुटक आवाज बहुधा लोखंडाचा किंवा दोन वस्तूंचा.

काटकोन. वस्तूभोवती पाव वर्तुळ चालत जा आणि पुन्हा फिरवा. सपाट पडलेलं नाणं किंवा अंगठी चारही बाजूंनी सारखीच वाजते. खिळा एका दिशेने लोखंड आणि दुसऱ्या दिशेने टोकांशी उंच चिवचिव असा दुतोंडी वागतो. आकडा दहापेक्षा जास्त अंकांनी बदलला (० ते ९९ च्या मोजपट्टीवर), तर संशय धरा.

उचलणं. कॉइल हळूहळू वर घ्या. १० सेंटिमीटर उचलल्यावरही जोरात वाजत असेल तर वस्तू मोठी आहे, कॅन किंवा पत्रा. अगदी उथळ नाणं डीडी कॉइलखाली (डी आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर चढलेली कॉइल) दोनदा बीप करतं, एकेका बाजूला एकेक. ती दोन नाणी वाटतात. थोडं उचललं की एकच होतं.

कडेने ओढणं. गोव्याच्या किनाऱ्यावर ही चाचणी सर्वात उपयोगाची, कारण बीअरचं बूच तिथे जागोजागी भेटतं. बूच पत्र्याचं, म्हणजे लोखंडाचं, पण पातळ आणि गोल. मधोमध आलं की ते उंच, नाण्यासारखं वाजतं. छोट्या छोट्या फेऱ्या घालत कॉइल स्वतःकडे ओढत आणा, वस्तू कॉइलच्या पुढच्या टोकाशी येईपर्यंत. बूच टोकाशी आलं की आकडा धबकन खाली येतो आणि लोखंडाचा खर्जातला सूर लागतो. नाणं शेवटपर्यंत आपला आकडा धरतं आणि मग एकदम गप्प होतं. वहीतल्या दुमडलेल्या बुचावर ही चाचणी वीस वेळा करा, कान तयार होतो. एक स्टीलचा रुपयाही काहीसा बुचासारखाच वागतो. तिथे खणण्यावाचून इलाज नाही.

पिनपॉइंट. कॉइल न हलवता वाजणाऱ्या या मोडमध्ये आवाजाची रुंदी पाहा. नाण्यावर तो टोकदार असतो, लांब तारेवर किंवा पत्र्यावर पसरतो. आडवं-उभं फिरवून जिथे दोन रेषा छेदतात तिथे खूण करा.

मोठे बोल्ट, जाड वॉशर आणि वेड्यावाकड्या पत्र्याचे तुकडे या सगळ्या चाचण्यांतून कधीकधी पार होतात आणि मोजपट्टीच्या अगदी वरच्या टोकाला वाजतात. वॉशरसारखं भोक असलेलं लोखंड अंगठीसारखाच बंद फेरा तयार करतं, हे त्याचं एक कारण.

लोखंडाचा आवाज पूर्ण बंद करण्याचा मोह टाळा. शॅकच्या जागेत खिळ्याच्या खर्जात मध्येच एखादा उंच तुकडा लागतो, तो खिळ्याखाली दडलेल्या अंगठीचा असू शकतो. लोखंड बंद असेल तर तिथे फक्त शांतता ऐकू येते. आवाज कमी करा, पुसू नका. अशा जागी लहान कॉइल आणि निम्मी गती.

खणताना

वाळूत जाळीचं स्कूप, मातीत खुरपी आणि खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा, हातात धरायचा छोटा पिनपॉइंटर. खूण केलेल्या जागेच्या थोडं मागून खणा, नाहीतर पातं वस्तूवरच पडतं. स्कूप भरला की खड्ड्यावर पुन्हा कॉइल फिरवा. आवाज गेला असेल तर वस्तू स्कूपमध्ये आहे. ओल्या वाळूत ती खाली घसरत जाते, तेव्हा दुसरा घास खोल घ्या. खणल्यावर सिग्नलच नाहीसा झाला तर तीन शक्यता: गंजाचा कुजका तुकडा होता आणि तो मातीत मोडला, नाणं उभं झालं, किंवा मुळात तो जमिनीचाच आवाज होता. मातीचा ढीग पसरून एकदा तपासा. खड्डा लगेच बुजवा आणि कचरा पिशवीत घ्या. तोच खिळा पुढच्या वेळी पुन्हा वेळ खाणार नाही.

कुठे यंत्र काढूच नये

जुनं गोवे, किल्ले आणि इतर संरक्षित स्मारकांचा परिसर पूर्ण वर्ज्य. तिथे परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे. खासगी भाटात (बागायतीत) मालकाची परवानगी घ्या, किनाऱ्यावर जायच्या आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, त्या हंगामात तिथल्या वाळूला स्कूप लावू नका. १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची बेवारस वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. पोर्तुगीज काळातलं रुपियाचं किंवा तांग्याचं नाणं हाती आलं तर ते घासू नका, जागा आणि खोली लिहून ठेवा आणि कळवा. अंगठी किंवा मंगळसूत्र सापडलं तर ते कुणाचं तरी हरवलेलं आहे, पोलीस ठाण्यात द्या. काडतूस किंवा गोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना बोलवा.

पहिले शंभर खड्डे

पहिले शंभर सिग्नल निवड न करता खणा, लोखंडाचेही. प्रत्येक खड्ड्याआधी अंदाज लिहा: आकडा, सूर, किती स्थिर, आणि "मला वाटतं बूच". मग खणून जे निघालं ते त्याच ओळीत. अंदाज आधी लिहिणं महत्त्वाचं, नंतर मन स्वतःलाच बरोबर ठरवतं. साधारण पंचवीस खड्ड्यांनंतर जमिनीची किलबिल आणि वस्तू यांतला फरक कानाला कळू लागतो, लोखंड आणि बूच त्यानंतर. मधला पट्टा, म्हणजे चावी, शिसं, कागद आणि सोनं, शंभरानंतरही वेगळा होत नाही, कारण यंत्राला त्यांचं उत्तर खरोखरच सारखं येतं. तिथे अनुभवी माणूसही खणतोच.

शंभर झाले की अंदाज चुकलेल्या ओळींवर खूण करा, त्या वस्तू धुऊन घरी आणा आणि पुन्हा प्लास्टिकच्या स्टुलावर एकेक कॉइलसमोरून फिरवा.